जे आत न्यायचं, ते नावानिशी

प्रति,
राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधील महासंगणक केंद्रांचे प्रमुख आणि सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर यांस

विषय : होस्टवरची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स कंटेनरमध्ये सरसकट जाऊ न देण्याबाबत

महोदय / महोदया,



मी पुण्यात संशोधकांचे प्रोग्रॅम सांभाळण्याचं काम करते. हवामानाचं मॉडेल असो, रेणूंचं सिम्युलेशन असो, की मराठी मजकुरावर शिकवलं जाणारं भाषा-मॉडेल असो, हल्ली ते अ‍ॅपटेनरच्या कंटेनरमध्ये बांधून क्लस्टरवर येतं आणि अडलं की माझ्यासारख्यांच्या टेबलावर येतं. या कामातून एक मागणी पुढे आली आहे, ती आधीच सांगून टाकते. तुमच्या क्लस्टरवर अ‍ॅपटेनर सुरू होताना होस्टवरची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स आत जाणार नाहीत, असा डिफॉल्ट ठेवा. ज्यांना आत जायलाच हवं त्यांची यादी करा, ती जाहीर करा आणि प्रत्येक नावापुढे कारण लिहा.

ही कोणा एका केंद्राविरुद्धची तक्रार नाही. सगळं आत सोडण्याचा डिफॉल्ट अ‍ॅपटेनरचा स्वतःचा आहे. ते जगात कुठेही बसवलं तरी तसंच वागतं. पण आपल्या क्लस्टरवर तो बदलायचा अधिकार तुमच्याकडे आहे आणि त्याला पैसा लागत नाही. २०१५ साली मंजूर झालेल्या ४,५०० कोटी रुपयांच्या या मिशनमधून पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मपासून २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथे लोकार्पण झालेल्या परम रुद्रपर्यंत यंत्रं उभी राहिली. त्यांच्यावर निघालेले आकडे शोधनिबंधांत जातात. ते आकडे दुसऱ्या कोणालाही पुन्हा काढता यावेत, म्हणूनच तर आपण संशोधकांना कंटेनर वापरा असं सांगतो. ज्या कंटेनरचं वागणं वापरणाऱ्याच्या शेलवर ठरतं, त्याच्याकडून ही हमी मिळत नाही. माझा मुद्दा एवढाच आहे.

हा डिफॉल्ट आला कुठून, ते थोडक्यात सांगते. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ही युनिक्सच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीपासूनची सोय. एक नाव, एक किंमत. एखादा प्रोग्रॅम दुसरा प्रोग्रॅम सुरू करतो तेव्हा या सगळ्या जोड्यांची प्रत नव्याला मिळते. डॉकरमध्ये ही साखळी मध्येच तुटते. तिथे कंटेनर तुमच्या शेलमधून जन्माला येत नाही. मागे चालणारा डॉकरचा डेमन तो उभा करतो आणि तुमच्या शेलमधलं काही त्याच्यापर्यंत पोचतच नाही. हवं ते व्हेरिएबल एकेक नाव घेऊन द्यावं लागतं. पण रूटच्या अधिकाराने चालणारा डेमन शेकडो जणांच्या सामायिक क्लस्टरवर कोण चालू देईल? ही अडचण ओळखून लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत ग्रेगरी कर्टझर यांनी सिंग्युलॅरिटी लिहिलं. ते २०१६ मध्ये बाहेर आलं आणि २०२१ मध्ये लिनक्स फाउंडेशनकडे जाताना त्याचं नाव अ‍ॅपटेनर झालं. त्यात डेमन नाही. कंटेनर तुमच्याच शेलमधून, तुमच्याच नावाने सुरू होतो, आणि शेलकडे जे जे आहे ते त्याला आपसूक मिळतं.

क्लस्टरवर तर हे दोनदा घडतं. लॉगिन नोडवरून एसबॅचने जॉब टाकला की स्लर्म त्या शेलची सगळी व्हेरिएबल्स सोबत घेऊन कंप्युट नोडवर जातो, कारण त्याच्या एक्स्पोर्ट या पर्यायाचा डिफॉल्ट 'सगळं' असा आहे. तिथून अ‍ॅपटेनर तीच व्हेरिएबल्स कंटेनरमध्ये नेतो. बोलावलं नवरदेवाला, आणि मुक्कामाला आलं सगळं वऱ्हाड.

डेमन नसला की असंच व्हायचं, असं कोणी म्हणेल तर पॉडमॅनकडे पाहावं. त्यातही डेमन नाही, तरी प्रॉक्सीची सोडून होस्टवरची व्हेरिएबल्स तो आपण होऊन आत नेत नाही. सगळी न्यायचीच असतील तर तसा वेगळा पर्याय स्पष्टपणे द्यावा लागतो. म्हणजे हा तंत्राचा नाइलाज नाही. अ‍ॅपटेनरने वापरणाऱ्याच्या सोयीसाठी केलेली ती निवड आहे.

या सोयीची किंमत कशी मोजावी लागते, ते एका उदाहरणाने दाखवते. एका विद्यार्थिनीच्या बॅशआरसी फाइलमध्ये कधीकाळी घातलेली एक ओळ आहे : पायथनपाथ म्हणून तिच्या होम डिरेक्टरीतलं एक फोल्डर. त्यात मार्गदर्शकांच्या गटाने लिहिलेलं एक छोटं पायथन पॅकेज आहे, जुनं. कंटेनरमध्ये त्याच पॅकेजची नवी, दुरुस्त केलेली आवृत्ती आहे. आता ती जॉब चालवते. अ‍ॅपटेनर पाथ आणि एलडी-लायब्ररी-पाथ ही दोन व्हेरिएबल्स मुद्दाम अडवतो, पण पायथनपाथ अडवत नाही. शिवाय तिची होम डिरेक्टरी तो डिफॉल्टने आत जोडून देतो. म्हणजे फोल्डरचं नावही आत गेलं आणि फोल्डरही. पायथन मॉड्यूल शोधताना पायथनपाथमधली फोल्डरं कंटेनरमध्ये बसवलेल्या पॅकेजांच्या आधी पाहतो. जुनं पॅकेज सापडतं, चालतं, जॉब यशस्वी म्हणून संपतो. एररची एक ओळही येत नाही. कंटेनरची फाइल तीच, तिचा चेकसमही तोच. मार्गदर्शकांच्या लॅपटॉपवर मात्र आकडे वेगळे येतात.

इथे एक बारकावा आहे. आत शिरलेलं पॅकेज सी किंवा फोरट्रानमध्ये संकलित केलेलं असेल तर बहुधा आवृत्ती जुळत नाही, इम्पोर्ट करतानाच जॉब कोसळतो आणि निदान काहीतरी बिनसलंय हे कळतं. शुद्ध पायथनमध्ये लिहिलेलं पॅकेज मुकाट्याने चालतं. म्हणजे ज्या चुका सापडतात त्या निरुपद्रवी असतात, आणि ज्या घातक असतात त्या सापडत नाहीत. आर वापरणाऱ्यांच्या वाट्याला हेच आर-लिब्ज आणतं, पर्लवाल्यांच्या वाट्याला पर्लफाइव्ह-लिब.

दुसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. डॉकरची इमेज अ‍ॅपटेनरने रूपांतरित केली की मूळ इमेजमध्ये ठरवून दिलेली व्हेरिएबल्स एका स्क्रिप्टमध्ये लिहिली जातात, पण ती अशा रीतीने : होस्टकडून या नावाची किंमत आली असेल तर ती ठेवा, नसेल तरच इमेजमधली घ्या. इमेज बनवणाऱ्याने विचार करून ठरवलेल्या किमतीपेक्षा वापरणाऱ्याच्या बॅशआरसीत विसरून राहिलेली किंमत वरचढ ठरते. एकाच इमेजवर काम करणाऱ्या दोघांचे निकाल का जुळत नाहीत, याचं उत्तर मग इमेजमध्ये कितीही शोधलं तरी सापडत नाही.

विज्ञानाइतकंच गुपितांचंही बघायला हवं. भाषा-मॉडेलवर काम करणाऱ्यांच्या शेलमध्ये हगिंग फेसचं टोकन असतं, प्रयोगांची नोंद ठेवणाऱ्या सेवेची किल्ली असते, कोणाकोणाच्या शेलमध्ये क्लाउड खात्याची गुप्त किल्लीही. ती सगळी व्हेरिएबल्स म्हणूनच ठेवलेली असतात, कारण त्या-त्या सेवांच्या मार्गदर्शिकाच तसं सुचवतात. मग डॉकर हबवरून कोणीतरी बनवलेली इमेज आणून चालवली की तिच्यातल्या प्रत्येक प्रोग्रॅमला ही टोकनं वाचता येतात. त्यासाठी कुठलीही सुरक्षा भेदावी लागत नाही. लिनक्समध्ये प्रत्येक प्रक्रियेची व्हेरिएबल्स प्रॉक फोल्डरातल्या एका फाइलमध्ये त्याच वापरकर्त्याला उघडी असतात. भरीस भर म्हणून जॉब स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'डीबगिंगसाठी' एन्व्ह कमांड घालायची सवय. तिचा आउटपुट लॉगमध्ये जातो, आणि लॉग गटातल्या सगळ्यांना वाचता येणाऱ्या स्क्रॅच फोल्डरात पडून राहतो.

हे अंदाजाने लिहीत नाही. ३१ जानेवारी २०२१ पासून कोडकव्ह या कंपनीच्या बॅश अपलोडर स्क्रिप्टमध्ये कोणीतरी गुपचूप बदल केलेला होता. ती स्क्रिप्ट ग्राहकांच्या बिल्ड यंत्रणांमध्ये चालायची आणि तिथली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स गोळा करून बाहेरच्या सर्व्हरला पाठवायची. कंपनीच्या हे लक्षात आलं १ एप्रिलला, म्हणजे दोन महिने उलटल्यावर. मे २०२२ मध्ये पायथनच्या पॅकेज-भांडारातल्या सीटीएक्स या पॅकेजचं असंच झालं. मूळ लेखकाच्या ईमेलचं डोमेन मुदत संपून मोकळं झालं होतं. ते विकत घेऊन कोणीतरी खातं बळकावलं आणि व्हेरिएबल्स बाहेर पाठवणारी आवृत्ती चढवली. दोन्ही ठिकाणी चोराला पासवर्डची फाइल शोधावी लागली नाही. जे प्रत्येक प्रोग्रॅमच्या हातात आयतं दिलं जातं, तेच त्याने उचललं.

आता तुमची बाजू. हा डिफॉल्ट बदला म्हटलं की अनुभवी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पहिल्यांदा एमपीआयचं नाव घेतील, आणि ते बरोबरच आहे. एमपीआयचा जॉब चालवताना होस्टवरचा एसरन किंवा एमपीआयरन, समजा, अठ्ठेचाळीस प्रक्रिया सुरू करतो, आणि त्यांपैकी प्रत्येकीला तिचा क्रमांक किती, एकूण सोबती किती, त्यांच्याशी बोलायचं कसं, हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समधूनच सांगतो. पीएमआय, पीएमआयएक्स, ओएमपीआय, स्लर्म अशा अक्षरांनी सुरू होणारी ती नावं. होस्टवरची व्हेरिएबल्स आत न नेण्यासाठी अ‍ॅपटेनरचा क्लीनएन्व्ह हा पर्याय लावला की ही नावंही पुसली जातात. मग अठ्ठेचाळीसपैकी प्रत्येक प्रक्रिया स्वतःला एकटी आणि पहिली समजते, सगळं गणित एकटीच करते, आणि अठ्ठेचाळीस जणी एकाच आउटपुट फाइलवर लिहीत सुटतात. जीपीयूच्या जॉबमध्ये कुडा-व्हिजिबल-डिव्हायसेस गेलं की कोणतं कार्ड आपलं, ते प्रोग्रॅमला कळत नाही. ओएमपी-नम-थ्रेड्स गेलं की थ्रेडची संख्या बदलते, बेरजांचा क्रम बदलतो आणि शेवटचे दशांश हलतात. हवामानाच्या मॉडेलमध्ये तेवढा फरक पुढे मोठा होत जातो. अशा वेळी वापरकर्ता म्हणणारच, भीक नको पण कुत्रं आवर. सगळं आत सोडण्याचा डिफॉल्ट टिकून राहण्यामागे असा कुठलाही जॉब अडू नये हा विचार आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पण या आक्षेपातच उत्तरही आहे. आत जायला हवीत अशी नावं कोणती, हे आपल्याला माहीत आहे. ती मोजकी आहेत, ठरलेल्या अक्षरांनी सुरू होतात आणि प्रत्येकाचं कारण एका ओळीत सांगता येतं. अ‍ॅपटेनरमध्ये ज्या नावाच्या आधी अ‍ॅपटेनरएन्व्ह हा उपसर्ग लावाल, ते क्लीनएन्व्ह असतानाही आत जातं. त्यामुळे यादीतली नावं शोधून त्यांना उपसर्ग लावणारी आणि मग कंटेनर सुरू करणारी दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट पुरेशी होते. फक्त ती ठेवायची कुठे, हे कळायला हवं. पीएमआयची व्हेरिएबल्स जॉब स्क्रिप्ट सुरू होताना अस्तित्वातच नसतात; एसरन ती प्रत्येक प्रक्रियेला वेगळी देतो. म्हणून ही स्क्रिप्ट एसरनने चालवायची, प्रत्येक प्रक्रियेत एकदा. जॉब स्क्रिप्टच्या डोक्यावर ती ठेवली तर पीएमआयची व्हेरिएबल्स हाती लागत नाहीत. असल्या बारकाव्यांत एकेकट्या विद्यार्थ्याचे दिवस जातात. केंद्राने एकदा लिहून तपासून दिलं की प्रश्न मिटला.

उलट बाजूने, म्हणजे त्रासदायक नावं तेवढी अडवायची, असंही करता येईल असं काही जण सुचवतात. पायथनपाथ अडवा, एलडी-प्रीलोड अडवा, टोकन म्हणून दिसेल ते अडवा. ही यादी कधीच पुरी होत नाही. दर नवं साधन आपलं नवं व्हेरिएबल घेऊन येतं, आणि आपल्याला ते कळतं नुकसान झाल्यावर. युनिक्सच्या जगाने हा धडा आधीच गिरवला आहे. सुडू डिफॉल्टने वापरकर्त्याची व्हेरिएबल्स पुसून टाकतो आणि ठेवायची त्यांची नावं वेगळ्या यादीत लिहायला लावतो. एसएसएचचा सर्व्हर बाहेरून येणाऱ्या व्हेरिएबल्सपैकी कॉन्फिगरेशनमध्ये नावाने मान्य केलेलीच स्वीकारतो. एका अधिकारातून दुसऱ्यात किंवा एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना जो नियम रास्त ठरला, तो होस्टवरून कंटेनरमध्ये जातानाही लावायला हरकत नसावी.

क्लीनएन्व्ह लावलं की सगळं आलबेल, असंही मी म्हणत नाही. त्याच्या तीन मर्यादा वापरकर्त्यांना स्पष्ट सांगायला हव्यात. एक, प्रॉक्सीची व्हेरिएबल्स क्लीनएन्व्ह असतानाही आत जातात, कारण त्यांच्याशिवाय बंदिस्त नेटवर्कमध्ये काही डाउनलोड होणार नाही. सोय ठीक आहे, पण प्रॉक्सीच्या पत्त्यातच वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड लिहिलेला असेल तर तोही सोबत जातो. दोन, होम डिरेक्टरी जोडलेलीच राहते, त्यामुळे पिपने होममध्ये बसवलेली पॅकेजं पायथनची आवृत्ती जुळली तर पायथनपाथ नसतानाही उचलली जातात. त्यासाठी होम न जोडण्याचा पर्याय द्यावा किंवा पायथन-नो-यूजर-साइट हे व्हेरिएबल लावावं. तीन, क्लीनएन्व्हमध्ये लँग या व्हेरिएबलची किंमत 'सी' होते. इंग्रजीत काम करणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मराठी मजकूर हाताळणाऱ्याला मात्र लगेच लागतो : आरमध्ये देवनागरी अक्षरांच्या जागी कोनी कंसांतले संकेतांक छापले जातात, आणि पायथनच्या जुन्या आवृत्त्या छापतानाच एरर देतात. म्हणून यादीत लँगला 'सी डॉट यूटीएफ-८' ही किंमत देऊन जागा हवी. देशी भाषांची मॉडेल्स आपल्याच यंत्रांवर घडावीत अशी अपेक्षा असताना एवढी काळजी केंद्रांनीच घ्यायला हवी.

तर नेमकं काय करावं, ते क्रमाने मांडते.

पहिलं, अ‍ॅपटेनरच्या मॉड्यूल फाइलमध्ये अ‍ॅपटेनर-क्लीनएन्व्ह हे व्हेरिएबल चालू करा. एका ओळीचं काम आहे. ज्यांनी मॉड्यूल लोड केलं त्यांना पर्याय लक्षात ठेवावा लागणार नाही, आणि ज्यांना जुनं वागणं हवं ते जॉब स्क्रिप्टमध्ये ती ओळ रद्द करू शकतील. म्हणजे कोणाचे हात बांधले जात नाहीत. सगळं आत न्यायचं असेल तर तसं लिहावं लागेल, एवढंच.

दुसरं, एमपीआय आणि जीपीयूसाठी वर सांगितलेली स्क्रिप्ट तुमच्या क्लस्टरवरच्या एमपीआयच्या आवृत्त्यांवर तपासून त्याच मॉड्यूलमध्ये ठेवा. तिच्यातली यादी वाचता येईल अशी, कारणांसह, मार्गदर्शिकेत छापा. नवं नाव घालायचं असेल तर विनंती कुठे करायची, तेही सांगा.

तिसरं, मार्गदर्शिकेतली नमुना जॉब स्क्रिप्ट्स या पद्धतीने पुन्हा लिहा. नवा विद्यार्थी मार्गदर्शिका वाचत नाही, त्यातला नमुना उचलतो आणि पुढच्या पाच वर्षांत तो नमुना गटातल्या सगळ्यांकडे पोचतो. म्हणून हे काम पहिल्या दोन कामांइतकंच महत्त्वाचं आहे.

चौथं, प्रशिक्षण वर्गात टोकनांचा अर्धा तास ठेवा. टोकन बॅशआरसीत नको. फक्त मालकाला वाचता येईल अशा फाइलमध्ये असावं आणि ज्या जॉबला लागतं त्यालाच एन्व्ह-फाइल पर्यायाने द्यावं. लॉगमध्ये सरसकट एन्व्ह छापू नये; यादीतली नावं आणि त्यांच्या किमती तेवढ्या छापाव्यात. तेवढी नोंद शोधनिबंधाच्या पुरवणीत कंटेनरच्या चेकसमशेजारी गेली, तर दुसऱ्या गटाला निकाल पडताळून पाहायला खरोखर मदत होईल.

बदल एका रात्रीत लादा, असं माझं म्हणणं नाही. चालू जॉब अडकतील, पीएचडीच्या शेवटच्या महिन्यातला विद्यार्थी तुमच्या नावाने खडे फोडेल. आधी टेस्ट क्यूमध्ये लागू करा, मॉड्यूल लोड करताना सूचना दाखवा, आणि नियोजित देखभालीच्या वेळी सगळीकडे आणा. मधल्या काळात कोणाचे जॉब मोडतात ते पाहा. मोडलेल्या प्रत्येक जॉबमधून एकतर यादीत घालण्याजोगं नाव मिळेल, नाहीतर आजवर नकळत आत जाणारं आणि निकाल बदलणारं एखादं व्हेरिएबल उघड होईल. दोन्ही उपयोगाचंच आहे.

पुढच्या देखभालीच्या सूचनेत हा विषय घेता आला तर जरूर घ्या. चाचणीसाठी एमपीआय, जीपीयू आणि मराठी मजकुराची जॉब स्क्रिप्ट्स द्यायला, आणि काही मोडलं तर त्याची रीतसर नोंद करायला माझ्यासारखे वापरकर्ते तयार आहेत. बोलावलं तर येऊन बसू.



आपली,
पुण्यातील एक रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर